मी पंखा ऐकला

मला वैशालीचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना तुम्ही माझ्याबद्दल फार चांगलं मत करून घेणार नाही. या अंकासाठी नोकरीबद्दल लिहा म्हणून सांगितलं तेव्हा संपादकांना अपेक्षा असणार ती सेवेची, समाधानाची वगैरे. ते सगळं होतंच. पण तीस वर्षांच्या नोकरीत मला सकाळी वेळेवर कामावर नेणारी गोष्ट कुठली, असं प्रामाणिकपणे विचाराल तर ती म्हणजे वैशाली माझ्या आधी पोचता कामा नये ही.

मी वाचाउपचारतज्ज्ञ. चिंचवडजवळच्या एका धर्मादाय रुग्णालयात दुभंगलेली टाळू घेऊन जन्मलेल्या मुलांचा विभाग होता, तिथे मी मुलांना बोलायला शिकवायचे. लोकांना वाटतं, ऑपरेशन झालं की मूल बोलायला लागतं. तसं नसतं.

आता जरा धडा. पोटात बाळ दीड-दोन महिन्यांचं असतं तेव्हा त्याच्या तोंडात टाळू नसतेच. जिभेच्या दोन बाजूंना दोन पडदे खाली लोंबत असतात. मग जीभ खाली बसते, पडदे वर उचलले जातात आणि मधोमध एकमेकांना चिकटतात. ही सगळी घडामोड बहुतेक वेळा आईला आपल्याला दिवस गेलेत हे नीट पचनी पडण्याच्या आत उरकते. कधीकधी पडदे उशिरा उठतात किंवा एकमेकांपर्यंत पोचत नाहीत, आणि फट राहते. ओठाची फट सगळ्यांना दिसते. टाळूची तोंड उघडून पाहिल्याशिवाय दिसत नाही, पाजलेलं दूध नाकातून आलं की मग कळते. का राहते, यावर जगभर संशोधन चालू आहे, कारणं अनेक आहेत आणि पुष्कळदा एकच एक असं सापडत नाही. आमच्याकडे येणाऱ्या सासवांना मात्र ते नक्की सापडलेलं असायचं. सुनेने ग्रहणात विळी हातात धरली होती. निम्मी सकाळ माझी त्या विळीशी भांडण्यात जायची.

ऑपरेशनने फट शिवली जाते. पण टाळूचा मागचा मऊ भाग बोलताना वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद करतो, आणि ते त्या मुलाने कधी केलेलंच नसतं. ‘म’ आणि ‘न’ त्याला येतात, कारण त्यांना हवा नाकातूनच लागते. ‘प’, ‘ट’, ‘क’ यांना तोंडात हवा कोंडावी लागते. ती कोंडत नाही म्हणून मूल भलतीच युक्ती काढतं आणि ते आवाज घशातच अडकवून टाकतं. टाळू शिवून झाली तरी ती सवय सुटत नाही. ती सोडवायचं काम आमचं.

चाकणच्या एका कंपनीत फोर्कलिफ्ट चालवणारे एक गृहस्थ आमच्याकडे आले, वय असेल अठ्ठावीस. त्यांचं ऑपरेशन आमच्याच डॉक्टरांनी केलेलं, पण खूपच उशिरा. कंपनीच्या गेटपासावर नाव प्रकाश, पण सगळी शिफ्ट त्यांना मनोहर म्हणायची. का, तर ‘प्रकाश’ त्यांच्याने उच्चारवत नव्हतं आणि ‘मनोहर’ उच्चारवत होतं. पहिल्या दिवशी कुणी नाव विचारलं, त्यांनी जे निघेल ते सांगितलं. मी आठ महिने घेतले आणि त्यांच्याकडून खणखणीत ‘प्रकाश’ काढून घेतलं. तर म्हणाले, “बाई, आता येतंय, पण तिकडं प्रकाश म्हणून कुणी ओळखंना ना राव!” डॉक्टरांना त्यांनी सोनेरी चौकटीतला गणपती दिला. मला अर्धा किलो पेढे. दीड तासाच्या ऑपरेशनला गणपती आणि आठ महिन्यांना पेढे, हे गणित मला कधीच पटलं नाही, पण डॉक्टरांचा हेवा करायची आपली पायरी नाही हे कळण्याइतकी अक्कल होती. हेवा हा नेहमी शेजारच्या खोलीतल्या माणसाचा वाटतो.

शेजारच्या खोलीत वैशाली आली ती परभणीहून, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. “ताई, चहा घेताव का?” असं पहिल्याच दिवशी मला विचारलं आणि मी मनात म्हटलं, झालं, आता शुद्ध बोलणं शिकवायला ही! माझं बालपण पुण्यात गेलेलं, त्याची मला उगीचच मिजास होती. तिच्या खोलीतून हसण्याचे आवाज यायचे. माझ्या खोलीतून ‘परत म्हण’ असा एकच आवाज यायचा, तोही माझा.

माझ्याकडे एक कपाट होतं. त्यात शिट्या, फुगे, पिपाण्या, कागदी भिरभिरी, साबणाच्या फुग्यांच्या बाटल्या. फुंकून फुंकून टाळूला बळ येतं असं आम्हाला शिकवलं होतं, आणि मी वर्षानुवर्षं मुलांकडून फुंकून घेत आले होते. वैशालीने आल्याबरोबर कपाटात डोकावून विचारलं, “ताई, हे अजून वापरायलाव?” मग तिने मला दोन लेख आणून दिले. फुंकताना टाळू उचलली जाते ती वेगळ्या पद्धतीने, बोलताना वेगळ्या, एकाचा दुसऱ्याला फारसा उपयोग नाही, असं संशोधनातून पुढे आलं होतं. मी ते लेख घरी नेले, रहाटणीच्या बाल्कनीत बसून तीनदा वाचले, आणि दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, “कागदावर सगळं ठीक असतं गं.” नंतर हळूहळू, तिच्या लक्षात येणार नाही अशा बेताने, एकेक शिटी घरी नेऊन टाकली. तिच्या लक्षात आलंच असणार. ती कधी बोलली नाही, आणि ते न बोलणंही मला लागायचं.

माझं म्हणून जे होतं ते म्हणजे ‘क’. विभागात सगळे म्हणायचे, ‘क’ काढावा तो सुनंदाबाईंनीच. मुलाच्या जिभेचं टोक बोटाने खाली दाबून धरायचं आणि ‘त’ म्हणायला सांगायचं. टोक अडकल्यामुळे जीभ मागून उठते, टाळूला टेकते आणि ‘क’ सुटतो. सांगायला दोन वाक्यं. करायला किती वेळ लागेल ते मुलावर. ईश्वरीला चौदा महिने लागले.

ईश्वरी चाकणच्या पुढच्या एका गावची. वडील कंपनीत, कंत्राटावर. घरचा थोडा कांदा. आई सविता दर गुरुवारी तिला घेऊन यायची, गावातून सहा आसनी रिक्षा, मग बस, मग दुसरी बस. पोरगी साडेतीन वर्षांची होती, माझं बोट चावायची. एकदा रक्त काढलं. सविता कानकोंडी झाली, “बाई, मारा हिला, आमी काय म्हनत न्हाई.” मी मारलं नाही, पण दुसऱ्या गुरुवारी बोटाला पट्टी बांधून मुद्दाम तिला दाखवली. ती पट्टीकडे बघत राहिली आणि पहिल्यांदाच तोंड नीट उघडलं. चौदाव्या महिन्यात ती ‘काकडी’ म्हणाली. सविताने ओच्यातून खरोखरच काकडी काढून माझ्यापुढे ठेवली. ती कितीतरी आठवडे दर खेपेला एक काकडी घेऊन यायची म्हणे, म्हटलं तर द्यायला आणि नाही म्हटलं तर परतीच्या बसमध्ये खायला.

मग आमच्या विभागात अभ्यास सुरू झाला. टाळूचं ऑपरेशन कोणत्या वयात केलं तर बोलणं जास्त स्वच्छ होतं, हे आमच्या सरांना, म्हणजे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना, पाहायचं होतं. पाच वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाचं बोलणं ध्वनिमुद्रित करायचं, सगळ्यांची वाक्यं तीच: काकूने काकडी कापली. बाबा, पाटी पुसा. मामी, नाना आले. नावं काढून नुसते क्रमांक द्यायचे. मग तीन जणांनी वेगवेगळं ऐकायचं आणि पाचपैकी गुण द्यायचे. पाच म्हणजे स्वच्छ. मी, वैशाली आणि पुण्यातल्या एक बाई. मूल कुणाचं हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये, कारण कळलं की कान फितूर होतो. सरांनी नियम घातला होता: आवाज ओळखलात, तर तसं लिहा आणि गुणांची जागा मोकळी सोडा.

याशिवाय, ज्या मुलांची सरासरी तीनच्या खाली येईल त्यांना परत तपासायला बोलवायचं आणि गरज असेल तर दुसऱ्या ऑपरेशनसाठी त्यांचा विचार करायचा, असंही ठरलं होतं.

ध्वनिमुद्रण आपापल्या खोलीत करायचं होतं. मी पंखा बंद करायचे, खिडक्या लावायचे, चैत्रातल्या उकाड्यात पोरं घामाने निथळायची, पण आवाज निर्मळ. वैशालीच्या खोलीतला पंखा जुना होता आणि प्रत्येक फेरीला ‘टक’ करायचा. मी तिला म्हटलं होतं, बंद कर. तर म्हणाली, “ताई, पोरं किरकिरी होतात. घामेजलेलं पोरगं बोलतं का?” ती मला उलटून बोलली असं मला वाटलं.

कानाला हेडफोन लावून मी गुण द्यायला बसले आणि पाचव्या-सहाव्या आवाजाला लक्षात आलं. मागे टक, टक, टक. हा वैशालीचा. पुढचा शांत. हा माझा. नावं काढली होती, पंखा कुणी काढला नव्हता.

मी ठरवून काही केलं नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन. एखाद्या आवाजाला चार द्यावेत की तीन असं पेन्सिल घुटमळायची, टक ऐकू यायचं, आणि तीन पडायचे. तीन की दोन असं व्हायचं, टक, आणि दोन. टक नसेल तर तीच पेन्सिल वर जायची. माझ्या स्वतःच्या सहा मुलांचे आवाज तर मी चक्क ओळखले. जागा मोकळी सोडली नाही. पाच, पाच, पाच लिहीत गेले आणि माझी मुलं किती छान बोलतात याचा मला उमाळा आला.

दीडेक महिन्याने एका गुरुवारी सविता दारात उभी. बरोबर ईश्वरी, दोन वेण्या, शाळेचा गणवेश.

“बाई, परत फाडायचं म्हनत्यात.”

मला कळेना. तिने चिठ्ठी दाखवली. फेरतपासणीला बोलावलं होतं. नाकातून दुर्बीण घालून बघायचा प्रयत्न झाला होता, पोरीने रडून गोंधळ घातला, नीट काही दिसलं नाही. मग गुणांच्या आधारावर दुसरं ऑपरेशन सुचवलं होतं.

“तुमीच म्हनाला व्हता ना बाई, सुटली म्हनून? मी गावात साखर वाटली वो. आता सासूबाई म्हनत्यात, कंपनीला खाडा करून कुठं परत दवाखाना धरायचा, ऱ्हाऊ दे तशीच. आन डॉक्टर म्हनत्यात, केलं न्हाई तर बिघडंल. आमी कुनाचं ऐकावं?”

मी ईश्वरीला म्हटलं, “काकडी कापली, म्हण बाळा.” तिने म्हटलं. मी आरसा तिच्या नाकाखाली धरला होता. नाकातून हवा गेली तर आरशावर वाफ धरते. आरसा कोरडा होता. वाक्य स्वच्छ होतं, इतकं स्वच्छ की मला रडू आलं आणि लगेच डोक्यात तिडीक गेली. कारण गुण कुणी कमी दिले असतील हे मला त्याच क्षणी कळलं होतं. माझ्या ‘क’वर जळणारं रुग्णालयात दुसरं होतं कोण?

मी सविताला बाकावर बसवलं आणि तडक सरांच्या खोलीत गेले. वैशाली तिथेच होती, कसलेतरी तक्ते घेऊन. बरंच झालं म्हटलं.

“सर, ईश्वरीचे गुण बघायचेत. आत्ता.”

“बसा ना, सुनंदाताई.”

“बसत नाही. कुणीतरी माझ्या मुलीला मुद्दाम पाडलंय. माझ्यावरचा राग पाच वर्षांच्या पोरीवर काढायचा म्हणजे काय?” हे मी सरांना सांगत होते आणि बघत होते वैशालीकडे. तिचा चेहरा आधी गोंधळला, मग लाल झाला.

सरांनी तक्ता काढला, क्रमांकाची ओळ शोधली आणि माझ्यापुढे सरकवला. मी आधी वैशालीचा रकाना पाहिला. त्यात गुण नव्हते. बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘आवाज ओळखला. सुनंदाताईंची मुलगी. गुण देत नाही.’

पुण्याच्या बाईंनी तीन दिले होते. तिसऱ्या रकान्यात दोन. अक्षर माझं.

“पण हे…” मी म्हटलं. “माझ्या मुली मी ओळखते. हिचं मुद्रण मी…” आणि आठवलं. ते मी केलंच नव्हतं. भाचीच्या लग्नाला मी आठ दिवस रजेवर होते. परत आल्यावर वैशाली म्हणाली होती, “ताई, तुमच्या दोन मुली आल्या होत्या, लांबून येतात म्हणून मी त्यांचं उरकून घेतलं.” माझ्या मुलींना हात लावला म्हणून मी तेव्हा दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते. मुद्रण कुठल्या खोलीत केलंस हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

सरांनी मुद्रण लावलं. टक, टक, टक. आणि त्या टकटकीच्या पुढे ईश्वरी, माझी चौदा महिन्यांच्या मेहनतीची ईश्वरी, स्पष्ट म्हणत होती: काकूने काकडी कापली. जिने माझं बोट चावलं होतं तिचा आवाज माझ्या कानात हेडफोनमधून घातला होता, आणि मी तो ओळखला नव्हता. मी मूल ऐकलंच नव्हतं. मी पंखा ऐकला होता.

“त्या दिवशी तुम्हाला तसं वाटलं असेल,” सर म्हणाले. “होतं कधीकधी. एखादा गुण इकडेतिकडे.” त्यांनी मला वाट करून दिली होती. मी ‘हो’ म्हटलं असतं तर ईश्वरीचे तेवढे गुण बदलले असते आणि बाकी सगळं झाकून राहिलं असतं. पण फेरतपासणीच्या त्या यादीत आणखी मुलं होती. त्यांच्याही आया बाकावर बसणार होत्या, आणि त्यांना आत जाऊन भांडणारं कुणी नव्हतं.

“एकच नाही सर,” मी म्हटलं. “पंखा आहे त्या सगळ्यांना मी कमी दिलेत. पंखा नाही त्यांना जास्त. आणि सहा ओळखले होते, तरी दिले.”

सरांनी पट्टी घेतली आणि माझ्या अख्ख्या रकान्यावर वरपासून खालपर्यंत रेघ मारली. मग फोन उचलून ईश्वरीचं ऑपरेशन थांबवलं. यादी नव्याने करायची ठरलं.

मी बाहेर आले आणि सविताला सांगितलं, “परत काही करायचं नाही. चूक माझी होती.” तिने चूक वगैरे काही ऐकलंच नाही. “व्हय ना बाई? नक्की ना?” एवढंच दोनदा विचारलं आणि पोरीला उचलून घेतलं, पोरगी उचलण्याजोगी राहिली नव्हती तरी.

तक्ते पुन्हा दुसऱ्यांकडून तपासून घेतले. अभ्यास पुरा झाला, छापूनही आला. त्यात सरांचं नाव आहे, वैशालीचं आहे. माझं नाही. तो अंक रुग्णालयाच्या वाचनालयात ठेवला होता, आणि निवृत्त होईपर्यंत मी त्या कपाटाच्या बाजूने कधी गेले नाही.

वैशालीने कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं, निदान रागवायला काहीतरी मिळालं असतं. आठवडाभराने मीच तिच्या खोलीत गेले. पंखा चालू होता. माफी मागायला गेले होते, पण तोंडातून निघालं भलतंच.

“तू तिला ओळखलंस ते सोपंच होतं म्हणा. मुद्रण तूच केलं होतंस.”

“नाही हो ताई,” ती म्हणाली. “त्या आठ दिवसांत मी किती पोरं केली, मला कुठे आठवायलंय. तुमची पोरं कळतातच.”

“कशी?”

“‘क’ म्हणायच्या आधी एवढंसं थांबतात. श्वास धरून. तुम्ही थांबता तसं.” तिने मला थांबून दाखवलं. “तुम्हाला माहीत नव्हतं?”

मला माहीत नव्हतं. आजवर इतक्या मुलांच्या तोंडात मी माझा एक श्वास ठेवून दिला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. भिंतीपलीकडे बसून तिने तो ऐकला होता. मी तिची मुलं ऐकली तेव्हा मला तिचा पंखा तेवढा ऐकू आला होता. माफी मी मागितली, पण फार वेळाने आणि फार हळू आवाजात. तिने चहा मागवला.

गेल्या स्वातंत्र्यदिनाला सविताने मला फोनवर एक चित्रफीत पाठवली. ईश्वरी आता नववीत आहे. शाळेच्या पटांगणात ध्वनिक्षेपकासमोर उभी राहून भाषण करतेय. मी चष्मा काढला, डोळे मिटले आणि फोन कानाला लावला. ‘कर्तव्य’ म्हणायच्या आधी ती एवढंसं थांबली. मी पुन्हा लावलं, पुन्हा ऐकलं, आठ-दहा वेळा. तो श्वास माझा आहे. पण तो मला ऐकू येतो तो वैशालीने सांगितला म्हणून, आणि याचा राग मला अजून येतो.